जमादाराच्या छातीवरची पाटी

११ जानेवारी १९८३, काजळवाडी

आजही तेच. पाटी खरवडायची, 'जिल्हा उस्मानाबाद' घालवायचं आणि 'जिल्हा लातूर' लिहायचं. ऑगस्टात जिल्हा झाला तेव्हा वाटलं होतं, दिवाळीपर्यंत उरकेल. पण कचेऱ्या, शाळा, गुरांचा दवाखाना, रस्त्याकडेचे दगड, सगळीकडे जिल्हा लिहिलेला असतो. वीस वर्षं पेंटर असून हे मला माहीत नव्हतं. उजवा खांदा पार गेला आहे. शिवकन्या म्हणते, पाऊस आला नाही, पण तुमचा जिल्हा तर आला, तेवढ्यावर समाधान माना.

ही वही सिद्धरामच्या सांगण्यावरून. तो माझा शाळेपासूनचा मित्र, लातुरात गंजगोलाईच्या मागं त्याचा छापखाना आहे आणि 'मांजराकाठ' नावाचं साप्ताहिक तो एकट्याच्या जिवावर रेटतो. त्याला चित्रकथा हवी आहे. म्हणाला, डोक्यात येईल ते रोज लिहून ठेव, म्हणजे आठवड्याला एक पान निघेल.

डोक्यात एकच गोष्ट आहे. परवा आमच्या आडापाशी टँकर आला. होमगार्ड नरसिंगनं नागुबाई म्हातारीच्या घागरीवर काठी हाणली. घागर चेपली. आणि वर तिलाच म्हणाला, शासनाच्या कामात अडथळा आणू नको. मी तिथंच उभा होतो. घरी येऊन लोखंडाचा एक माणूस काढला.

१९ जानेवारी

माणसाचं नाव ठरलं: लोखंडी जमादार. साल दोन हजार त्र्याऐंशी. लातुरावर काचेचं झाकण आहे आणि तहान लागणं हा गुन्हा आहे. जमादार वाटेत माणसाला थांबवून जीभ बाहेर काढायला लावतो. ओली निघाली तर पाणी चोरलं. कोरडी निघाली तर सरकारची बदनामी. फिर्याद, निकाल आणि शिक्षा तोच एका दमात उरकतो, वकील नाही की तारीख नाही.

त्याच्या छातीवर एक पाटी आहे. समोरच्यानं काही केलं की त्या पाटीवर त्याविरुद्धचा नियम उमटतो. आधी गुन्हा, मग नियम. खाली ठरलेलं: 'आदेशावरून'. कुणाचा आदेश, ते जमादारालाही ठाऊक नाही.

सोलापुरातून चित्रांचे छपाईचे ठोकळे करून आणणं सिद्धरामला परवडत नाही. म्हणून मी जुन्या लिनोलियमवर चित्र कोरतो, अक्षरं उलटी. पाट्यांवर असतात तशीच काढली आहेत, ठसठशीत, पाय रोवून उभी राहणारी. मला दुसरी येतही नाहीत.

३ फेब्रुवारी

दोन अंक निघाले. कुणीही हसलेलं नाही.

औशाच्या बसस्थानकावर पाटी रंगवत होतो तेव्हा चहावाला तेच पान वाचत होता. मी मुद्दाम विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, "असा एक जमादार पायजे बगा हितं. लोक लई माजलेत." बाजूचे दोघंतिघं मान हलवत होते. सिद्धराम मात्र खूश आहे, अंक उरत नाहीत. भोकरहून एका मुलाचं पत्र आलं आहे, जमादार होण्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते ते कळवा म्हणून. हसावं की रडावं कळेना, म्हणून नुसताच चहा प्यायलो.

एकच माणूस हसला. आमच्या गावच्या भीमनगरातली पंचशीला, बालवाडी चालवते. तिनं ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा तिथली सगळी पोरं जीभ बाहेर काढून एकमेकांना धरत होती म्हणे. मला वाटेत थांबवून म्हणाली, "पेंटरदादा, तुमचा जमादार म्या वळखला. आडापाशी रोज बगती की."

घरी येईपर्यंत खांदा दुखल्याचं विसरलो होतो.

२१ फेब्रुवारी

ठाण्यात बोलावणं आलं.  शिवकन्येनं भाकरी बांधून दिली, कितीही वेळ बसवून ठेवतील म्हणून.

फौजदार साहेब नवे आहेत, जिल्ह्याबरोबर आलेले. खुर्चीमागच्या भिंतीवर जमादाराची सगळी पानं ओळीनं चिकटवलेली. मला वाटलं, पुरावा. तर त्यांनी चहा मागवला. म्हणाले, यात शिस्त आहे, मी माझ्या लोकांना वाचायला लावतो. टँकरपाशी गावोगाव मारामाऱ्या होत आहेत, वरून विचारणा होते, आणि कुठलाच कागद कामाचा नाही. तुमचे नियम मात्र थोडक्यात आहेत आणि लोकांच्या लक्षात राहतात. ते आडापाशी पाटीवर लिहा. सुरुवात तुमच्याच गावापासून करा.

मी म्हणालो, साहेब, तो विनोद आहे.

त्यांनी भिंतीकडं वळून सगळी पानं नीट पाहिली. "विनोद कुठं आहे यात? दाखवा."

दाखवता येईना. दाखवायचं तर त्यांच्याच अंगावरच्या वर्दीकडं बोट करावं लागलं असतं. त्यांनी लाल पेन्सिलीनं तीन नियमांवर खुणा केल्या आणि मी 'बरं साहेब' म्हणून बाहेर पडलो. भाकरी तशीच परत आणली.

२६ फेब्रुवारी

लिहून झाली पाटी, आडापाशी वेशीच्या भिंतीवर, पार भीमनगरातूनही वाचता येईल एवढी मोठी. पिवळी जमीन, काळी अक्षरं, लाल किनार.

१. रांगेत बोलू नये. बोलणाऱ्याची घागर जप्त होईल.
२. तहान तोंडावर दिसू देऊ नये.
३. टँकर उशिरा आल्यास तो वेळेवर आला असे समजावे.
— आदेशावरून

खरं सांगायचं तर तिसरा नियम लिहिताना मी मनातून खूश होतो. वाटलं, इथं तरी लोक हसतील, आणि एकदा हसले की सगळी पाटीच कोसळेल. सरपंच आप्पासाहेब येऊन उभे राहिले. तिन्ही नियम वाचले, 'समजावे' हा शब्द पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "बेस झालं. आता कुणी येळ इचारणार न्हाई." नागुबाईला वाचता येत नाही. तिनं मला वाचून दाखवायला लावलं. दुसरा नियम ऐकल्यावर तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

अक्षरं मात्र झकास उतरली आहेत. 'आदेशावरून'मधला श लांबूनसुद्धा उठून दिसतो.

९ मार्च

टँकर आठवड्यातून दोनदा येतो. आडात सोडतात, मग सगळ्या बाया तिथून शेंदतात. सगळ्या म्हणजे गावातल्या. भीमनगरच्या बायांनी दोराला हात लावायचा नाही, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. कायद्यानं असं काही नाही, पण आप्पासाहेबांच्या आजोबांपासून चालत आलं आहे आणि कुणाला त्याचा त्रास होत नाही असं गावात धरून चालतात. भीमनगरात पंचायत समितीनं बांधलेला सिमेंटचा हौद आहे. बांधल्यापासून तो कोरडाच आहे. पंचशीला प्रत्येक टँकरला मोठ्यानं विचारायची, आधी हौदावर का थांबत नाही?

आता विचारत नाही. कुणीच काही विचारत नाही. पन्नास बाया तोंडावर पदर घेऊन उभ्या असतात आणि आवाज फक्त रहाटाचा. फौजदार साहेबांनी येऊन पाहिलं, फार समाधान वाटलं त्यांना. मलाही बरं वाटलं हे खोटं कशाला लिहू. निदान काठी चालत नाही.

घरातही शांतता आहे. शिवकन्या पूर्वी पाणी आणलं की तासभर रांगेतलं सांगत बसायची, कोण कोणाला काय म्हणालं. आता ठेवते आणि चुलीकडं वळते. मला चित्रं कोरायला निवांतपणा मिळतो. सुनेवर शिस्तीचा परिणाम होतो म्हणायचे आमचे वडील, ते आठवलं.

तिच्या माहेरची पितळी घागर दिसत नाही. डालड्याच्या डब्यानं पाणी आणते. कुणाला लग्नकार्यासाठी दिली असेल.

१७ मार्च

या आठवड्यात जमादारानं एका बाईला पकडलं, कारण ती झोपेत 'पाणी' म्हणाली. सिद्धराम म्हणाला, जरा जास्तच होतंय. दुसऱ्याच दिवशी फौजदार साहेबांचा शिपाई आला, झोपेतला नियम पाठवून द्या म्हणून. मी सांगितलं, अजून पक्का नाही.

आणखी गावांत पाट्या लिहायच्या आहेत. मुरुडच्या बाजूच्या दोन लिहून आलो. पायाखालची शिडी हलत होती आणि कुणी धरायला आलं नाही. आडापाशी उभे असलेले सगळे आधी पाटी वाचत होते.

थकलो आहे. हा जमादार मी काढला तेव्हा त्याला एकच गुडघा होता, दुसरा कोरायचा राहून गेला होता. आता तो माझ्यापेक्षा नीट चालतो.

२९ मार्च



भीमनगरच्या वळणावर पंचशीलानं माझी सायकल थांबवली. हसली नाही. तिनं विचारलं, वहिनीची घागर सोडवली का? मी म्हणालो, कुठली घागर?

तिनं सांगितलं ते असं. पाटी लागल्यावरच्या दुसऱ्याच टँकरला भीमनगरच्या बाया ऊन चढेपर्यंत नुसत्या उभ्या होत्या. कुणी ओतेना. मागायला तोंड उघडलं तर घागर जाणार. तेव्हा शिवकन्या रांगेतून म्हणाली, आधी पंचशीलाच्या घागरीत ओता, तिच्या घरी बाळंतीण आहे. एवढंच. नरसिंगनं घागर काढून घेतली आणि आडाजवळच्या त्याच्या चौकीत जमा केली. शिवकन्या तशीच मोकळ्या हातानं घरी आली.

म्हणजे आज तीन आठवडे झाले आणि माझी बायको माझ्याशी बोललेली नाही, आणि मी या वहीत निवांतपणा लिहून ठेवला आहे.

पंचशीलाला विचारलं, मला तिनं सांगितलं का नाही? ती म्हणाली, "काय सांगावं तिनं? अक्षर तुमचंच हाय."

मग तिनं मुद्द्याचं काढलं. म्हणाली, अर्ज करून थकलो, कचेरीतून कागद येतो आणि आप्पासाहेब तो वाचत नाहीत. तोंडी बोलायची तर सोय राहिली नाही. या गावात आता एकच गोष्ट मानतात. "त्या पाटीखाली जागा हाय. चौथी ओळ लिवा, पेंटरदादा. टँकर आधी हौदावर."

मी म्हणालो, असा आदेश नाही.

"मग पयल्या तीनचा कुटं हाय?"

 खोटा सरकारी नियम लिहिणं म्हणजे सरळ तुरुंग. वर सगळं सरकारी काम जाईल. ते मी तिला बोललो. ती निघून गेली.

घरी येऊन शिवकन्येला म्हणालो, घागरीचं मला कळलं. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

२ एप्रिल

रंगाचे डबे उघडून पुन्हा बंद केले.

सिद्धरामशी बोललो. तो म्हणाला, साप्ताहिकात काय वाटेल ते काढ, भिंतीवर नको. भिंतीचं उत्तर द्यावं लागतं. वर म्हणाला, तू कलावंत माणूस, तुझं काम चिमटा काढणं. मी म्हणालो, चिमटा लागतोय शिवकन्येला.

भीमनगरातली ती बाळंतीण पंचशीलाची वहिनी. लक्ष्मीबाई तिचं नाव. तिला दूध उतरत नाही असं ऐकलं.

४ एप्रिल

पहाटे रहाटाचा आवाज सुरू व्हायच्या आत गेलो. टँकरचा दिवस होता. नरसिंग चौकीसमोर दात घासत होता, त्यानं मला पाहिलं आणि शिडी धरायला आला. पाटीचं काम म्हणजे सरकारी काम, विचारायचं काय. 

'आदेशावरून' पुसून खाली सरकवलं आणि मध्ये लिहिलं:

४. टँकर आधी भीमनगरच्या हौदावर उभा राहील, मग आडावर.

वीस वर्षांत कुठलीच ओळ इतकी वाकडी आली नव्हती. दोनदा पुसून लिहिली. नरसिंग खालून म्हणाला, "'उभा'मधला भ जरा मोठा करा, लांबून दिसंना." मी मोठा केला.

४ एप्रिल, संध्याकाळ

टँकर आला. आला तेव्हा वेळेवरच आला असे समजावे.

ड्रायव्हर बाहेरचा आहे. त्यानं पाटीपाशी गाडी हळू केली, चौथी ओळ वाचली, आणि गाडी मागं घेऊन सरळ भीमनगरच्या रस्त्याला लावली. रांगेतल्या बाया बघत राहिल्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. आम्ही सगळे मुकाट्यानं टँकरच्या मागं चालत गेलो, मिरवणूक निघावी तसे, फक्त वाजंत्री नव्हती. हौदात पाणी पडायला लागलं तेव्हा सिमेंट तडतडलं. भीमनगरची पोरं हौदाच्या कडेला चढून बघत होती आणि पंचशीला त्यांना खाली उतरा म्हणून नुसत्या हातानं खुणावत होती.

तेवढ्यात आप्पासाहेब आले, मागं त्यांचा गडी दोन्ही हातांत घागरी घेऊन. रांगेच्या मध्यात उभं राहून त्यांनी गावभर ऐकू जाईल असं विचारलं, "हे कुणाच्या हुकमानं चालू हाय?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. माझी जीभ टाळूला चिकटली. जमादारानं त्या क्षणी तपासली असती तर सरकारची बदनामी ठरली असती.

पंचशीला पुढं आली. एक शब्द बोलली नाही. तिनं नरसिंगकडं पाहिलं आणि हात लांब करून वेशीकडच्या पाटीकडं बोट दाखवलं. चौथ्या ओळीकडं नव्हे, पहिल्या.

नरसिंगनं पाटीकडं पाहिलं. मग आप्पासाहेबांकडं. त्याच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. बिचाऱ्याला महिनाभर रोज तेच वाचायला लावलं होतं. तो पुढं झाला आणि गड्याच्या हातातल्या दोन्ही घागरी त्यानं काढून घेतल्या.

"रांगेत बोलायचं न्हाई, आप्पा," तो हळूच म्हणाला. "आदेश हाय."

आप्पासाहेबांचं तोंड उघडं राहिलं, पण आवाज बाहेर आला नाही. ते परत गेले.

११ एप्रिल

ठाण्यात नेलं. या वेळी चहा नव्हता.

फौजदार साहेबांनी विचारलं, चौथ्याला आदेश कुणाचा? मी खरं तेच सांगितलं. साहेब, पाटीवर उमटला.

 त्यांनी मागं वळून भिंतीवरच्या पानांकडं पाहिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जमादाराची छाती, पाटी, खालचं 'आदेशावरून'. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. म्हणाले, "म्हणजे तुम्ही इतके दिवस आमची टिंगल करत होता."

तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणा सरकारी माणसाला विनोद कळला. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

त्यांनी भिंतीवरची पानं एकेक करून काढली. मला सांगितलं, तुमचं सरकारी काम बंद. सिद्धरामलाही निरोप गेला, जमादार बंद. मी विचारलं, आणि पाटी पुसू का? त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. पुसायची तर कारण लिहावं लागणार. चौथा नियम खोटा म्हटलं तर पहिल्या तिघांचा कागद दाखवा म्हणून कुणीतरी विचारणार, आणि तो कागद त्यांच्याकडंही नाही. शेवटी म्हणाले, राहू द्या तशीच.

शिवकन्येच्या घागरीचं विचारायचं धाडस झालं नाही.

२१ एप्रिल

काम नाही. एका दुकानाची पाटी मिळाली, 'येथे छत्र्या दुरुस्त होतात'. या वर्षी ते लिहिताना दुकानदारच हसला.

शिवकन्या बोलायला लागली आहे, पण मोजकं. आज टँकरचा दिवस. तिनं डालड्याचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आज तुमी जावा रांगेत. कळंल."

गेलो. गावातल्या बऱ्याच बाया आता हौदावरच येतात. आडापर्यंत टँकर पोचतो तेव्हा निम्मा झालेला असतो आणि तिथं आप्पासाहेबांचा गडी असतो. एकेकीनं आधी लाजत, मग सवयीनं भीमनगरची वाट धरली. नागुबाई सगळ्यांत पुढं होती, पदर अजूनही तोंडावर.

ऊन डोक्यावर आलं. मला घसा ओला करायला घोटभर हवं होतं, ते कुणाकडं मागायची सोय नव्हती. नरसिंग काठी टेकून उभा होता. मी तोंडावर काही दिसू न देण्याचा प्रयत्न केला. तो नियम पाळायला किती अवघड आहे ते लिहिताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हौदाच्या कडेला पंचशीला बादलीनं पाणी काढून देत होती. गावातल्या बाया डबे, घागरी खाली धरत होत्या आणि ती वरून ओतत होती. माझा नंबर आला. मी डबा धरला. तिनं तो काठोकाठ भरला, मग बादलीत उरलेलं माझ्या ओंजळीत ओतलं आणि थांबली, पिऊन होईपर्यंत.

मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. बाळंतिणीचं विचारायचं होतं. मान वर केली तर ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि अचानक तिनं जीभ बाहेर काढून दाखवली, बालवाडीतल्या पोरांसारखी. ओली होती.

मागं कुणीतरी बाई फिसकन हसली. मग आणखी एक. नरसिंगनं काठी उचलली, वळून पाटीकडं पाहिलं, चारही नियम ओठ हलवत वाचले. हसण्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं.